विद्युत विसर्जनाने उत्तेजित ऑक्सिजनची निर्मिती

ऑक्सिजन-आयोडीन लेसरसाठी लागणारा उत्तेजित ऑक्सिजन रासायनिक अभिक्रियेऐवजी वायूतून वीज सोडून मिळवण्याची पद्धत. येथे उत्तेजित ऑक्सिजन म्हणजे ‘सिंग्लेट डेल्टा’ अवस्थेतील रेणू. त्याची ऊर्जा साध्या रेणूपेक्षा सुमारे ०.९८ इलेक्ट्रॉन व्होल्टने जास्त असते. टक्कर झाली नाही, तर प्रकाश टाकून मूळ अवस्थेत यायला त्याला सरासरी तासाभराहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच तो एकीकडे तयार करून नळीतून दुसरीकडे नेता येतो. ही ऊर्जा आयोडीनच्या अणूकडे गेली की १.३१५ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण मिळतात.

१९७७ साली अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत हा लेसर प्रथम चालला, तेव्हा ऑक्सिजन क्लोरीन आणि अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडपासून बनवला होता. ही रसायने विषारी, दाहक आणि वाहून न्यायला अवजड आहेत. विजेचा विचार झाला तो यामुळे.

खरी अडचण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची आहे. ही ऊर्जा विद्युत क्षेत्र आणि वायूची घनता यांच्या गुणोत्तरावर ठरते. सिंग्लेट डेल्टा अवस्था किफायतशीरपणे मिळण्यासाठी हे गुणोत्तर १० टाउनसेंडच्या (टाउनसेंड हे त्याचे एकक) आसपास हवे. पण विसर्जन स्वतःच्या बळावर टिकायला याच्या काही पट गुणोत्तर लागते. तेवढ्या क्षेत्रात बरीच ऊर्जा रेणू फोडण्यात वाया जाते. यावर एक तोड म्हणजे उच्च व्होल्टतेच्या अतिअल्प स्पंदांनी आयनीभवन करायचे, म्हणजे रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करायचे, आणि मधल्या वेळात सौम्य क्षेत्राने इलेक्ट्रॉन हलवायचे. हीलियम भरपूर मिसळणे किंवा सहज आयनीभूत होणारा नायट्रिक ऑक्साइड किंचित घालणे, हेही उपयोगी पडते.

फुटलेल्या रेणूंतून निघणारे ऑक्सिजनचे अणू निव्वळ उपद्रवी मात्र नाहीत. आयोडीनचा रेणू तेच फोडतात. रासायनिक लेसरमध्ये या कामी मौल्यवान उत्तेजित ऑक्सिजनच खर्च होतो. पण ऑक्सिजनच्या अणूंची संख्या वाढली की ते उत्तेजित आयोडीनचे शमन करतात, म्हणजे त्याची ऊर्जा काढून घेतात.

सामान्य तापमानाला सुमारे १५ टक्के ऑक्सिजन उत्तेजित असल्याशिवाय प्रकाशवर्धन होत नाही. विद्युत विसर्जनाने एवढे मिळवणेही जड जाते. त्यामुळे वायू स्वनातीत वेगाच्या नोझलमधून प्रसरण पावू देऊन थंड करतात. १५० केल्व्हिनच्या आसपास ही मर्यादा ५ टक्क्यांच्या जवळ येते. या मार्गाने २००५ मध्ये इलिनॉय विद्यापीठ आणि सीयू एरोस्पेस ही कंपनी यांच्या संशोधकांनी असा लेसर प्रत्यक्ष चालवून दाखवला. त्याची शक्ती मोठ्या रासायनिक लेसरांच्या तुलनेत अगदीच थोडी होती.