ओल्या वाळूवरची पावलं

काकांच्या दुखण्याची पहिली खूण आधी कानांना कळली. देवगडच्या घरी अंगणातून ते येताना उजव्या पायातली चप्पल चिऱ्यावर घासल्याचा आवाज यायचा, डावीचा नाही. मग काकूच्या ध्यानात आलं की चालताना त्यांचा उजवा हात हलतच नाही. खांदा धरलाय समजून वर्षभर तेल आणि शेक झाला. हाताला कंप सुटला तेव्हा कुठे मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणं झालं आणि पार्किन्सनचं निदान झालं. काकूला मात्र काकांचं एकच सांगणं, "माका काय्येक झालला नाय गो. हात वायच थरथरता, इतक्याच."

भेटायला येणारा प्रत्येकजण सांगून जायचा, "आता आराम करा." त्यात माया होती, पण सल्ला साफ चुकीचा होता. या आजारात निदान झाल्यानंतरची पहिली काही वर्षं व्यायामासाठी फार मोलाची असतात, आणि नेमकी तीच आपण आरामखुर्चीत घालवतो.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. कोणता हात कधी हलवायचा, पाऊल किती लांब टाकायचं, हे मेंदूच्या खोल भागातली केंद्रं परस्पर सांभाळतात. त्यांना डोपामिन हे रसायन लागतं. ते बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या काळसर पेशी पार्किन्सनमध्ये हळूहळू मरतात. लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. मग सवयीच्या हालचाली आक्रसू लागतात. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो. स्नायू मात्र शाबूत असतात. लक्ष देऊन, ठरवून हालचाल करण्याची मेंदूतली दुसरी वाटही बरीचशी उघडी असते. या आजारातली फिजिओथेरपी मुख्यतः त्याच वाटेने जाते.

एक अडचण फार विचित्र आहे. आपलं पाऊल आखूड पडतंय हे रुग्णाला जाणवत नाही. त्याला ते नेहमीइतकंच वाटतं. "मोठं पाऊल टाका" म्हटलं की काकांना वाटायचं, आपण लोकांसमोर सोंग करतोय. इथे पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, कामी आली. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी पाण्याजवळची वाळू ओली आणि घट्ट असते. तिच्यावरून पन्नास पावलं चालून मागे वळून पाहिलं की सगळा हिशेब समोर असतो. डाव्या पायाचा ठसा स्वच्छ उमटलेला, उजव्याचा फरफटलेला. काकांना हे पटवायला आमच्या बोलण्यापेक्षा तो ठसा जास्त उपयोगी पडला. मग मुलगा काठीने आडव्या रेघा मारायचा आणि काका प्रत्येक रेघ ओलांडून पाऊल टाकायचे. डोळ्यांसमोर खूण असली की पाऊल लांब पडतं, हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र जाऊ नये. तिथे तोल जातो.

याच कारणाने पुढच्या टप्प्यातले काही रुग्ण सपाट ओटीवर पाय चिकटल्यासारखे थबकतात आणि पाखाडीच्या पायऱ्या मात्र सरसर चढतात. प्रत्येक पायरी ही एक रेघच असते. कानांना मिळणारी खूणही असंच काम करते. परदेशात मेट्रोनोम, म्हणजे एका लयीत ठोके देणारं यंत्र, लावतात. आपल्याकडे भजनातला टाळ आहे. ठेका धरला की पावलं त्याच्यामागे येतात. आरतीही मुद्दाम वरच्या पट्टीत, मोठ्याने म्हणावी. आवाजाला तो खरोखरीचा व्यायाम आहे.

पण नुसतं रमतगमत फिरणं पुरत नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नुकतंच निदान झालेल्या, अजून गोळ्या सुरू न केलेल्या १२८ जणांचे तीन गट केले होते. एक गट आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर जोरात चालला, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन. सहा महिन्यांनी, व्यायाम न दिलेल्या गटाची हालचालींची स्थिती डॉक्टरांच्या मोजपट्टीवर सुमारे तीन गुणांनी बिघडली होती. जोरात चालणाऱ्यांची जेमतेम ०.३ गुणांनी. मध्यम गतीच्या गटाला तेवढा फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये घरच्या घरी सायकल मारणाऱ्यांतही असाच फरक आढळला. पेशी मरणं व्यायामाने थांबतं असं यातून सिद्ध होत नाही, आणि गोळ्या तर सोडायच्याच नाहीत. पण घाम येईल, दम लागेल आणि चार शब्दांपलीकडे सलग बोलता येणार नाही इतका जोर लागतो. आपल्या गावांतला चढ त्यासाठी पुरेसा आहे. आधी हृदयाची तपासणी मात्र करून घ्यावी.

गोळीचा असर चढल्यावर, म्हणजे साधारण तासाभराने, अंग मोकळं होतं. व्यायामाची वेळ तीच धरावी. या आजारात उभं राहताना रक्तदाब घसरू शकतो, त्यात आपली दमट हवा. म्हणून पाणी भरपूर प्यावं आणि बाकड्यावरून उठल्यावर क्षणभर थांबावं. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये, मोठा फेर घ्यावा. गावात एक सल्ला हमखास मिळतो, खाजकुयलीच्या बियांचा. त्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, आणि तीच धास्ती आहे. गोळ्यांतही तेच औषध असतं, त्यामुळे डॉक्टरांना न सांगता घेतलं तर मात्रेचा ताळमेळ राहत नाही.

पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पुळणीकडे जाणं बंद होतं. चार महिन्यांचा हा खंड घातक असतो. काकूने पडवीतल्या लादीवर रंगीत चिकटपट्टीच्या रेघा मारल्या आहेत. बाहेर पाऊस कोसळत असतो, काकू टाळ वाजवते आणि काका भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघा ओलांडत राहतात.