वळणानंतरचा पाव सेकंद

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार, हे तिथे पक्कं झालं. आपल्याकडे मथळे क्रिकेटचेच झाले, ते साहजिकही होतं. पण त्याच निर्णयात आणखी चार खेळ होते आणि त्यांतला एक फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा धक्काबुक्की वगळलेला प्रकार. मी न्यू जर्सीतल्या भाच्याला विचारलं, हा खेळ समजून घ्यायला सुरुवात कुठून करू? तो म्हणाला, "मामा, मॅडन खेळायला घे."

मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम १९८८पासून निघतो आहे. ओकलंड रेडर्स या संघाचे माजी प्रशिक्षक जॉन मॅडन यांचं नाव त्याला दिलेलं आहे, आणि दोन्ही बाजूंना खरोखर अकरा-अकरा खेळाडू असले पाहिजेत, हा त्यांचाच आग्रह होता. मी तो खेळायला घेतला आणि पहिले काही आठवडे एकाच जागी अडकून पडलो. समोरच्या संघानं प्रत्येक रिसीव्हरमागे, म्हणजे पास झेलणाऱ्यामागे, एकेक रक्षक लावला की माझे पास एक तर खाली पडायचे, नाही तर रक्षकाच्या हातात जायचे. यातून बाहेर पडताना जे गणित सापडलं, ते मला इतकं आवडलं आहे की हा लेख त्याच्यासाठीच लिहितो आहे.

नियमांतलं लागेल तेवढंच सांगतो. मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद. यार्ड आपल्याला परका नाही, क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांचीच असते. क्वार्टरबॅक चेंडू पुढे फेकतो, रिसीव्हर आधी ठरलेल्या वाटांनी पळतात. त्या वाटेला रूट म्हणतात. बचाव ढोबळमानानं दोन तऱ्हेचा. झोनमध्ये रक्षक जागा राखतो, मॅनमध्ये माणूस राखतो. समोर काय आहे हे ओळखायची सोपी खूण अशी: चेंडू खेळात येण्याआधी एका रिसीव्हरला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पाठवायचं. त्याच्याबरोबर एक रक्षकही मैदान ओलांडून गेला, तर बहुधा मॅन.

अशा वेळी काय करायचं? सर्वसाधारण समजूत, आणि माझीही तीच होती, की सगळ्यांत वेगवान रिसीव्हर निवडावा, तो रक्षकाला मागे टाकेल. अडचण अशी की रक्षकही तसेच निवडलेले असतात. रिसीव्हर आणि त्याला राखणारा कॉर्नरबॅक यांच्या वेगात फारसा फरक नसतो. पदार्थविज्ञानही दोघांना सारखंच लागू आहे. तेच गवत, तेच खिळ्यांचे बूट, तेच घर्षण. वळताना रिसीव्हरला जेवढा संवेग मोडावा लागतो, तेवढाच रक्षकालाही मोडावा लागतो. मग रिसीव्हर मोकळा होतो तरी कसा?

खो-खो आठवा. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला उलटं फिरता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणारा मात्र कुठूनही कुठेही वळतो. साखळी खेळून तो मिनिटं काढतो, ती या तफावतीच्या जोरावर. तिथे तफावत नियमानं दिलेली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसा नियम नाही. तिथली तफावत माहितीची आहे. आपण कुठे वळणार हे रिसीव्हरला आधीपासून ठाऊक असतं. रक्षकाला ते वळण दिसल्यावर कळतं. डोळ्यांना दिसून पाय हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मॅन पद्धतीनं खेळणारा रक्षक म्हणजे रिसीव्हरचा पडसाद, पाव सेकंद उशिरा उमटणारा.

या पाव सेकंदात होतं काय, ते कागदावर काढून बघा. दोघं शेजारी-शेजारी सेकंदाला ८ यार्ड वेगानं, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरनं धावत आहेत. रिसीव्हर वळला. पुढच्या पाव सेकंदात तो नव्या दिशेनं २ यार्ड गेला आणि रक्षक जुन्याच दिशेनं २ यार्ड गेला. एका बिंदूतून २-२ यार्डांचे दोन बाण काढा, त्यांच्यामधला कोन म्हणजे वळणाचा कोन. बाणांची टोकं जोडली की समद्विभुज त्रिकोण तयार होतो आणि त्याची तिसरी बाजू म्हणजे दोघांमध्ये पडलेलं अंतर. सूत्रात मांडायचं तर: दोन गुणिले वेग, गुणिले उशीर, गुणिले वळणाच्या निम्म्या कोनाचा साइन.

आता आकडे घाला. स्लँट या रूटमध्ये रिसीव्हर सुमारे ४५ अंशांतून आतल्या बाजूला, म्हणजे मैदानाच्या मध्याकडे वळतो. अंतर पडतं दीड यार्ड. आउट (बाजूच्या रेषेकडे) किंवा इन (मध्याकडे) रूटवर काटकोनात वळला तर २.८ यार्ड. गर्रकन मागे फिरला तर ४ यार्ड, पण तसं कुणाला जमत नाही, आधी वेग कमी करावाच लागतो आणि तो कमी होताना रक्षकाला बातमी लागते. म्हणूनच रक्षकांना रिसीव्हरच्या कमरेकडे बघायला शिकवतात. डोकं आणि खांदे खोटं बोलू शकतात, कंबर सहसा बोलत नाही.

हुलकावणीचा हिशेबही याच सूत्रात बसतो, आणि मला यातला सगळ्यांत सुंदर भाग हाच वाटतो. रिसीव्हर आधी आतल्या बाजूला ४५ अंश झुकतो आणि रक्षक त्या झुकण्याला उत्तर देऊ लागतो, तेवढ्यात तो बाहेर वळतो. सुरुवातीच्या सरळ वाटेशी हे वळण काटकोनातच आहे. पण रक्षक आता आत पळतो आहे. दोघांच्या दिशांमधला कोन ९० राहिला नाही, १३५ झाला. अंतर २.८ वरून ३.७ यार्डांवर गेलं. वेग तोच, उशीर तोच, फक्त जुन्या बातमीवर धावणाऱ्या माणसाला आणखी चुकीची बातमी दिली.

अर्थात दोघं नेहमी शेजारी-शेजारी नसतात. रक्षक आधीच आतल्या बाजूला उभा असेल तर स्लँटमधून मिळणारं दीड यार्ड त्याच्यापर्यंत पोहोचण्यातच संपतं. म्हणून तो ज्या बाजूला उभा आहे, तिच्या उलट वळणारा रूट शोधायचा.

हे झालं माणसांचं. संगणकातल्या रक्षकाला मात्र पाव सेकंदाची गरजच नाही. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटत असतील, तर एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. वळण सुरू झाल्याचं त्याला पुढच्याच चित्रात कळू शकतं. किंबहुना तुम्ही निवडलेली चाल त्याच यंत्राच्या स्मृतीत असते. ती माहिती त्यानं वापरली तर एकही पास पूर्ण होणार नाही. खेळ खेळण्याजोगा राहावा म्हणून संगणकाला मोजून-मापून अडाणी ठेवावं लागतं. मॅडनमध्ये प्रत्येक खेळाडूला ९९ पर्यंतचे गुण असतात. त्यांत मॅन कव्हरेजचा आकडा वेगळा. तो जितका मोठा, तितका रक्षक वळणाला लवकर आणि घट्ट चिकटतो. 'थांबवताच न येणारी चाल' अशा नावाचे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात, 'संगणक तुमच्या मनातलं ओळखतो' असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्या चाली उघडून पाहिल्या तर आत बहुतेक वेळा ड्रॅग किंवा मेश निघतो. ड्रॅग म्हणजे मैदान आडवं कापत जाणारा उथळ रूट. मेश म्हणजे असे दोन रूट समोरासमोरून एकमेकांना खेटून काढणं. दोन रक्षक एकमेकांच्या वाटेत येतात, वळसा घालतात आणि तो वळसा त्यांच्या उशिरात मिळवला जातो.

याच खेळाभोवती आणखी एक समजूत चिकटलेली आहे, 'मॅडनचा शाप'. ज्याचं चित्र वेष्टनावर येईल तो जखमी होतो म्हणे. २००३मध्ये क्वार्टरबॅक मायकेल व्हिक वेष्टनावर आला आणि हंगामाआधीच्याच एका सामन्यात त्याचा पाय मोडला, तेव्हापासून ती जोरात आहे. पण या खेळात दुखापती सर्रास होतात, आणि वेष्टनावर येतो तो बहुधा आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम खेळून आलेला. पुढचा हंगाम त्याहून फिका असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय २०१२मध्ये वेष्टनावर असलेल्या रिसीव्हर कॅल्विन जॉन्सननं त्याच हंगामात पास झेलून १,९६४ यार्ड मिळवण्याचा विक्रम केला आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सनं वेष्टनावरच्या हंगामातच सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. ही उदाहरणं शापाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. आपल्याकडे पत्रिका आणि ग्रहणांबाबत जे चालतं तेच हे: जुळलेलं लक्षात ठेवायचं, न जुळलेलं विसरायचं.

आता फेक. मोकळी जागा दोन जातींची असते. वळणातून मिळालेलं अंतर वाढत नाही, त्यामुळे ते टिकवायचं असतं. समजा १५ यार्डांवरच्या रिसीव्हरला तुम्ही सेकंदाला २५ यार्ड वेगाचा, सपाट, बटण दाबून धरलेला बुलेट पास दिला. चेंडू ०.६ सेकंद हवेत आहे. चेंडू सुटल्याचं कळायला रक्षकाला पाव सेकंद लागला, उरले ०.३५. तेवढ्यात तो २.८ यार्ड जातो, म्हणजे काटकोनातल्या वळणानं मिळवलेलं सगळं. रिसीव्हर जागीच थांबून चेंडूची वाट बघत असेल तर रक्षक नेमका पोहोचतो. तोच पास कंट्रोलरची डावी स्टिक वळवून रिसीव्हरच्या पुढे, रक्षकापासून दूर टाकला, तर दोघंही सारखंच धावतात आणि अंतर जसंच्या तसं राहतं. माझे सुरुवातीचे पास याच कारणानं वाया जात होते. मी चेंडू माणसाच्या छातीवर मारत होतो.

दुसरी जागा वेगातल्या फरकाची. सरळ पळणारा रिसीव्हर रक्षकाहून सेकंदाला एक यार्ड जास्त पळत असेल तर अंतर दर सेकंदाला वाढतं. इथे चेंडू उंच टाकायचा, बटण नुसतं टिचकी मारून सोडायचं. हातातून सुटून ५ मीटर वर गेलेला चेंडू तेवढाच खाली यायला एकूण सुमारे २ सेकंद घेतो. रिसीव्हरला आणखी २ यार्ड मिळाले. हाच उंच पास स्लँटवर दिला तर घात होतो, कारण मॅन कव्हरेजमध्येही बहुधा एकजण कुणालाच न राखता मागे मोकळा ठेवलेला असतो. दोन सेकंदांत पाव सेकंद वजा केला तरी तो १४ यार्ड येतो.

एवढं समजूनही माझे आउट रूट चुकतच होते. शेवटी भाच्यानं बघितलं आणि म्हणाला, "मामा, तू तो वळल्यावर टाकतोयस. वळायच्या आधी टाक." उशीर फक्त रक्षकाचाच असतो असं मी धरून चाललो होतो. वळण बघून बटण दाबायला मलाही पाव सेकंद लागतो. मग क्वार्टरबॅकचा हात मागे जाऊन पुढे येतो, त्यात आणखी वेळ. टीव्ही चित्र दाखवायला काही मिलिसेकंद घेतो ते वेगळेच. त्यासाठी टीव्हीतला 'गेम मोड' चालू करावा. ही बेरीज अर्ध्या सेकंदाच्या वर गेली की आउट रूटवरचा रिसीव्हर चार-पाच यार्ड पुढे, बाजूच्या रेषेला टेकलेला असतो. मागे फिरून थांबणाऱ्या रूटवर तर तेवढ्यात रक्षक परत येऊन पोहोचतो. वळण कुठे आहे हे मला आधीच माहीत असतं, चाल मीच निवडलेली असते. रक्षकाकडे नसलेली ती माहिती हातात असून मी ती वापरतच नव्हतो.

लॉस एंजेलिसमध्ये फ्लॅग फुटबॉल पाच-पाच जणांचा असेल आणि मैदानाची रुंदी २५ यार्ड. सेकंदाला ८ यार्डांनी एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत जायला सुमारे तीन सेकंद पुरतात. मॅडनमध्ये ज्या ड्रॅगवर मी निवांत वाट बघत बसतो, तो तिथे तीन सेकंदांत संपेल.