2003 च्या आधी जन्मलेल्या पोरी आणि रुबेला

27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा आपल्या सांगली-साताऱ्यातल्या शाळांत पोरांच्या रांगा लागल्या होत्या, उजव्या दंडात सुई, डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण आणि नंतर अर्धा तास तिथंच बसायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फिरत होतं त्यामुळं पालक घाबरलेले, पण गोवरची लस तर नवव्या महिन्यात आधीपासून मिळतच होती, मग नववीतल्या पोराला परत कशाला, हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही.

त्याचं कारण रुबेला. तसा हा किरकोळ आजार, बारीक ताप, पुरळ, कानामागं गाठी, आपल्याकडं तर गोवर समजूनच सोडून देतात. खरा घात होतो पोटातल्या बाळाचा. हे कळलं 1941 मध्ये, सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्यामुळं. मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली तान्ही बाळं त्यांच्याकडं यायला लागली, चौकशी केली तर जवळपास सगळ्या आयांना दिवस गेल्यावर सुरुवातीलाच रुबेला झालेला. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचा दोष यातलं काहीही होऊ शकतं, कधीकधी सगळंच. 1964-65 च्या साथीत एकट्या अमेरिकेत अशी सुमारे 20 हजार बाळं जन्मली, आणि 1969 ला तिथं लस आली.

पण ही लस अर्धवट दिली तर नुकसान वाढू शकतं, आणि हे खरंच समजून घेण्यासारखं आहे. लस नव्हती तेव्हा व्हायरस गावात फिरत असायचा, बहुतेक पोरींना लहानपणीच रुबेला होऊन जायचा आणि मग बहुतेकींना जन्मभराची इम्युनिटी. एका पेशंटकडनं साधारण सहा-सात जणांना लागण होते, म्हणजे साथ थांबवायला शंभरातल्या 85 च्या आसपास लोकांना इम्युनिटी पाहिजे. निम्म्याच पोरांना लस दिली की व्हायरस फिरायचा कमी होतो पण थांबत नाही, मग लस न मिळालेली पोरगी लहानपणी वाचते आणि नेमकी बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पोटात बाळ असताना सापडते. ग्रीसमध्ये हेच झालं, 1975 च्या सुमारास लस सुरू केली पण निम्म्या पोरांपर्यंतही पोचली नाही, आणि 1993 च्या साथीत 25 बाळं बाधित जन्मली. जपाननं कित्येक वर्षं फक्त शाळकरी मुलींनाच लस दिली, पुरुष तसेच राहिले, 2012-13 ला साथ आली तेव्हा पेशंट मुख्यतः मोठी माणसं, आणि 45 बाळं बाधित.

म्हणून आपल्याकडं 9 महिने ते 15 वर्षं असा मोठा गट एकदम धरला, मला तरी तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. मिरजेच्या पलीकडं कर्नाटकात फेब्रुवारी 2017 लाच सुरुवात झाली होती. आता एमआरचे, म्हणजे या गोवर-रुबेला लसीचे, दोन डोस नेहमीच्या लसीकरणात आहेत, 9 ते 12 महिन्यांत पहिला आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा.

पण जिल्ह्याचा लसीकरणाचा टक्का चांगला दिसला तरी साथ टक्का बघून येत नाही, ती सुटलेल्या वस्तीत शिरते. 2022 ला मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर असाच भडकला. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या सीझनला येतात, पोराचा पहिला डोस बीडकडं आणि दुसऱ्याच्या वेळी कुटुंब इथं फडात, कार्ड तिकडंच राहिलेलं. विटा-आटपाडीची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी, कुटुंबं देशभर पांगलेली, त्यांच्या पोरांचंही तेच. आशाताईंनी खोपीवर जाऊन विचारल्याशिवाय ही पोरं यादीत येतच नाहीत.

आणि ज्या पोरी त्या मोहिमेवेळी पंधराच्या पुढं होत्या, म्हणजे 2003 च्या आधी जन्मलेल्या, त्यांना मोहिमेत लस मिळालीच नाही. प्रायव्हेटमध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची लस) घेतली असेल तर ठीक, नाहीतर लहानपणी होऊन गेला असेल या भरवशावर. आज त्यांचीच लग्नं होतायत, बाळंतपणं होतायत. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आधीच घ्यावी लागते आणि नंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. त्यामुळं घरात लग्न ठरलेली मुलगी असेल तर हॉल बुक करायच्या गडबडीतच डॉक्टरला रुबेलाचं विचारून घ्या, रुबेलाची इम्युनिटी आहे का ते बघायला रक्ताची आयजीजी टेस्ट करता येते, आणि आधी डोस झालेला असला तरी परत घेतल्यानं काही अपाय नाही.