लाभांश की भाववाढ? निवृत्तांच्या ऊर्जा शेअरांमागचा शंभर वर्षांचा इतिहास

जानेवारी २०१४ मध्ये सरकारी कोळसा कंपनी कोल इंडियाने १० रुपये दर्शनी (कागदोपत्री) किमतीच्या शेअरवर २९ रुपयांचा अंतरिम (वर्ष संपण्याआधीचा) लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, जाहीर केला. एकूण रक्कम १८ हजार कोटींच्या वर गेली. कंपनीत तेव्हा ९० टक्के वाटा सरकारचा, त्यामुळे बहुतेक पैसा केंद्राच्या तिजोरीत गेला. त्या वर्षी वित्तीय तूट (सरकारच्या खर्च आणि मिळकतीतली दरी) आवाक्यात ठेवण्यासाठी अर्थमंत्रालयाची ओढाताण चालली होती आणि कोल इंडियाचा हिस्सा विकायला कामगार संघटनांचा विरोध होता. मग हिस्सा विकून जे मिळायचं, ते लाभांशाच्या वाटेने काढलं गेलं. लहान भागधारकांच्या खात्यातही पैसे पडले आणि सरकारी ऊर्जा कंपनीचा शेअर म्हणजे निवृत्तीनंतरचा दुसरा पगार, या समजाला चांगलंच बळ मिळालं.

लाभांश घ्यावा की भाववाढीवर भिस्त ठेवावी, हा प्रश्न आपण स्वभावाचा किंवा वयाचा मानतो. ऊर्जा क्षेत्रापुरता इतिहास वेगळं सांगतो. पैसा भागधारकाच्या हातात पडायचा की कंपनीतच राहायचा, हे इथे बहुतेक वेळा कंपनीच्या मालकाच्या गरजेने आणि कायद्याने ठरलं आहे.

सुरुवात आपल्या सह्याद्रीतच झाली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदवली गेली. लोणावळ्याचा पाऊस धरणांत अडवायचा, खोपोलीला वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना विकायची, असा हा धंदा. १९१५ मध्ये वीज सुरू झाली. भांडवल देशातच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचा मोठा वाटा होता. गिऱ्हाईक ठरलेलं आणि धरण एकदा बांधलं की इंधनाचा खर्च नाही, म्हणून असा धंदा स्वभावतःच नियमित लाभांशाकडे झुकतो. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली, हेही इथे नोंदवायलाच हवं. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच विजेसाठी बुडणाऱ्या जमिनींचा लढा होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने खासगी वीज कंपन्यांच्या नफ्याला 'वाजवी परताव्या'ची मर्यादा घातली. नफा फार वाढणार नाही, पण फार घटणारही नाही. त्यामुळे असे शेअर जवळपास ठरावीक व्याज देणाऱ्या कर्जरोख्यांसारखे वागू लागले. तेल आणि कोळसा तर सामान्य गुंतवणूकदाराच्या हातातून निसटलेच. १९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, १९७४ मध्ये परदेशी एस्सोचा आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलचा तेलधंदा सरकारी झाला. निवृत्त माणसाचं त्यावाचून अडलं नाही. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफ या सरकारी बचत योजनेवर १२ टक्के व्याज मिळत होतं. जोखीम पत्करायची गरजच काय होती?

भाववाढीची चटक लावली ती रिलायन्सने. १९७७ मध्ये कापड कंपनी म्हणून तिने लोकांकडून भांडवल घेतलं, पुढे जामनगरला तेलशुद्धीकरण कारखाना उभारला. लाभांश किरकोळ, नफा पुन्हा धंद्यात, आणि अधूनमधून बोनस, म्हणजे फुकट जादा शेअर: १९९७, २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक. ज्यांनी चिकाटीने धरून ठेवले त्यांचं भलं झालं. पण बोनसने हातात पैसा येत नाही, तो शेअर विकल्यावरच येतो. जानेवारी २००८ मधला उच्चांक ओलांडायला या शेअरला २०१७ उजाडावं लागलं. त्या साडेनऊ वर्षांत घरखर्चासाठी दरवर्षी थोडे थोडे शेअर विकणाऱ्या निवृत्ताची पुंजी विक्रीनेच झिजत गेली असणार, आणि 'दीर्घकाळात बाजार वर जातो' हे वाक्य त्याच्या फारसं कामाचं नव्हतं.

त्याच जानेवारी २००८ मध्ये अनिल अंबानी गटाच्या रिलायन्स पॉवरची पहिली शेअरविक्री आली, ४५० रुपयांना. लहान गुंतवणूकदाराला शेअर ४३० ला मिळाला. नंतर पाच शेअरमागे तीन बोनस मिळून खरेदीभाव २६९ रुपयांच्या आसपास आला. २०२० मध्ये तोच शेअर दोन रुपयांच्या खाली होता. प्रकल्प उभे राहण्याआधीच भाववाढीचे पैसे मोजण्याचा याहून बोलका दाखला या क्षेत्रात नाही.

सरकारी कंपन्या दरम्यान बाजारात येत होत्या: २००४ मध्ये वीज बनवणारी एनटीपीसी ६२ रुपयांना, २००७ मध्ये वीज वाहून नेणारी पॉवर ग्रिड ५२ रुपयांना. २००४ च्याच मार्चमध्ये सरकारने तेल-वायू काढणाऱ्या ओएनजीसीचे शेअर ७५० रुपयांनी विकले. २००६, २०११ आणि २०१६ चे बोनस व विभाजन (एका शेअरचे दोन करणं) धरलं तर तेव्हाच्या एका शेअरचे नऊ झाले, म्हणजे खरेदीभाव पडला ८३ रुपये. मार्च २०२० मध्ये बाजारभाव त्याच्याही खाली गेला. सोळा वर्षांत मुद्दल जागेवरही राहिली नाही, जे काही मिळालं ते लाभांशातून. मुंबई हायसारखं समुद्रातलं तेलक्षेत्र हाताशी असून असं का झालं? कच्चं तेल महाग असताना डिझेल, केरोसीन आणि घरगुती गॅस स्वस्त ठेवण्याच्या अनुदानाचा भार वर्षानुवर्षं या कंपनीवर टाकला गेला. २०१८ मध्ये सरकारचा एचपीसीएल या तेल विकणाऱ्या कंपनीतला हिस्साही तिनेच ३६,९१५ कोटींना विकत घेतला.

कोल इंडियाचा हिशेब आणखी जवळून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये विक्री २४५ रुपयांना झाली. पहिल्या दहा वर्षांत शेअरमागे दीडशे रुपयांहून जास्त लाभांश मिळाला, आणि दहा वर्षांनी, २०२० च्या शेवटाकडे, भाव मात्र सव्वाशेच्या खाली होता. म्हणजे लाभांश आणि उरलेली किंमत मिळून गुंतवणूकदार मुद्दलाच्या थोडा वर राहिला. तेवढ्यात बँकेच्या साध्या ठेवीने मुद्दल दुप्पट केली असती. मग २०२४ मध्ये भाव पाचशेच्या पुढे गेला. २०२० मध्ये कंटाळून विकणाऱ्याला हा शेअर फसवा वाटला असेल, न विकणाऱ्याला सोन्याचा. तोपर्यंत दोघांनाही लाभांश सारखाच मिळाला होता.

करांनीही या निवडीचं पारडं अनेकदा फिरवलं. १९९७ च्या अर्थसंकल्पाने लाभांशावरचा कर कंपनीकडून वसूल करायला सुरुवात केली, त्यामुळे भागधारकाला तो करमुक्त मिळू लागला (मध्ये एका वर्षाचा अपवाद). २००४ पासून शेअरवरचा दीर्घकालीन भांडवली नफाही (वर्षाहून जास्त ठेवलेले शेअर विकून झालेला) करमुक्त झाला. २०१८ पर्यंत निवृत्तांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. मग एक लाखावरच्या नफ्यावर १० टक्के कर आला. जुलै २०२४ पासून तो सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे. २०२० पासून लाभांश भागधारकाच्याच उत्पन्नात धरला जाऊ लागला. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला एक लाखाच्या लाभांशावर उपकरासह ३१,२०० रुपये जातात. वर्षभरात दुसरी विक्री नसेल तर तेवढ्याच दीर्घकालीन नफ्यावर काहीच जात नाही. मात्र २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत आहे. त्या मर्यादेतल्या निवृत्ताला लाभांश पुन्हा करमुक्त पडतो, पण सव्वा लाखावरच्या भांडवली नफ्याला ती सवलत लागू नाही. मोठं पेन्शन असलेले काका आणि फक्त व्याजावर जगणाऱ्या मावशी यांना एकच सल्ला देणं म्हणूनच चूक आहे.

२०१६ मध्ये केंद्राने सरकारी कंपन्यांसाठी नियमच केला: निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरलेल्या) ५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५ चे ४ टक्के झाले. त्याच महिन्यात एनटीपीसीच्या हरित ऊर्जा कंपनीने नवे शेअर १०८ रुपयांनी विकून १० हजार कोटी उभे केले. सौर आणि पवन प्रकल्पांना आधी भांडवल लागतं, मिळकत मागाहून येते. जुन्या कोळशाच्या संचांमधून येणारा पैसा भागधारकांना किती आणि नव्या प्रकल्पांना किती, हे सरकारी ऊर्जा कंपन्या आता दरवर्षी नव्याने ठरवत आहेत.