आरत्या तोंडपाठ आहेत, मग स्मृतिभ्रंश कसला?

‘ज्याला आरत्या-स्तोत्रं तोंडपाठ, त्याला स्मृतिभ्रंश होत नाही’ हा समज गोव्यात काहींचा असतो. तो सहज पटतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजू लागलं की एरवी गप्प बसणारे आजोबा सगळ्या आरत्या न अडखळता म्हणतात. असा माणूस आजारी कसा वाटेल?

पण आठवण एका जातीची नसते. आज सकाळी काय घडलं ते साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात बहुधा त्याचीच हानी आधी होते. लहानपणापासून हजारदा म्हटलेली, चाल आणि तालासकट मुरलेली आरती मेंदूत बरीच विखरून बसलेली असते. म्हणून ती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. हेच चर्चमधल्या प्रार्थनेला आणि नमाजालाही लागू.

पडताळायचं तर आरतीबाहेरचं पाहा. दुपारी जेवण काय होतं? तोच प्रश्न अर्ध्या तासात परत येतो का? पैशांचा हिशेब, ओळखीची वाट चुकते का? (आरती मधूनच सुरू करायला लावू नका, ते धडधाकट माणसालाही अवघड जातं.) असे बदल दिसले तर डॉक्टरांकडे न्या. थायरॉईड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत.

निदान झालं तरी आरती थांबवू नका. तिने अनेकांची अस्वस्थता कमी होते. फक्त निरांजन पेटतं असताना जवळ कुणीतरी असावं.