धंदा रक्तात असतो का?

‘मानसिकता बदला आणि धंद्यात पडा’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. बदला म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र कोणी सांगत नाही. व्याख्यानाला टाळ्या पडतात आणि सोमवारी माणूस पुन्हा त्याच लोकलला लटकलेला असतो. वर ‘आपल्या रक्तातच धंदा नाही’ हे आहेच.

रक्ताची गोष्ट मायकेल फ्रेझे या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वेगळ्या कारणाने तपासली. दोन जर्मनी एक झाल्यावर त्याने दोन्हीकडच्या कामगारांची तुलना केली. पूर्वेकडचे कामगार आपणहून पुढाकार कमी घेत. वंश एक, भाषा एक. फरक होता तो कामात: पूर्वेत वर्षानुवर्षं वरून हुकूम येणार आणि खाली तो पाळणार. म्हणजे पुढाकार कामातून घडतो. मग तो शिकवताही यायला हवा!

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोची राजधानी लोमे. तिथे २०१४ मध्ये १५०० छोट्या व्यावसायिकांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, पाचशे-पाचशेचे तीन गट केले. एकाला नेहमीचं शिक्षण: हिशेब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्याला फ्रेझेच्या पद्धतीने पुढाकाराचं. तिसऱ्याला काहीच नाही. चिठ्ठ्या अशासाठी, की ज्याला हवं त्याला शिकवलं असतं तर मुळातच धडपडे असलेले एका गटात जमले असते आणि श्रेय शिकवणीला गेलं असतं.

पुढाकार शिकवायचा म्हणजे काय? आमच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सची पाच दुकानं ओळीने आहेत. दर एक, पाटी एक, दुपारी शटर बंद करायची वेळही एक. एकाचं चाललं म्हणून दुसऱ्याने टाकलेलं. लोमेच्या वर्गात नेमकं हेच मोडायला शिकवलं: शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय देता येईल, गिऱ्हाईक मागण्याआधी त्याला काय लागेल, पुढे कुठे अडेल आणि अडलं तर दुसरी वाट कोणती. ३६ तासांचा वर्ग, मग चार महिने महिन्यातून एकदा शिक्षक थेट दुकानावर. लग्नाचे पोशाख भाड्याने देणारी एक बाई त्यासोबतच्या वस्तूही विकायला लागली. गोष्ट एवढीच, पण ती आधी सुचली नव्हती.

पुढच्या दोनेक वर्षांत, काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत, हिशेब शिकलेल्यांचा नफा ११ टक्के जास्त दिसला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढाकारवाल्यांचा ३० टक्के, त्यातल्या बायकांचा तर ४० टक्के. शिकवणीचा खर्च वर्षाच्या आत वसूल. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं.

हिशेबाची वही फेकून द्यावी असा याचा अर्थ काढणारेही निघतील, म्हणून जमैकाचंही सांगतो. तिथल्या अशाच प्रयोगात पुढाकाराच्या शिकवणीचा फायदा तीन महिन्यांनी दिसला, तोही फक्त पुरुषांच्या धंद्यात. वर्षभराने तो शोधूनही सापडेना.