गर्भातील रक्तनिर्मिती

जन्मापूर्वी बाळाच्या शरीरात तांबड्या पेशी तयार होण्याची प्रक्रिया. मोठ्या माणसात हे काम हाडांतल्या मज्जेत चालते. गर्भात मात्र ते बिऱ्हाड बदलत राहते. आईचेच रक्त बाळाच्या अंगात खेळते, ही समजूत मराठवाड्यात अजून ऐकू येते. ती खरी नाही. वारेतून प्राणवायू, लोह आणि पोषण जाते. रक्त बाळ स्वतः बनवते.

पहिला मुक्काम पीतक कोशात, म्हणजे गर्भाला जोडलेल्या छोट्या पिशवीत. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात, पाळी चुकल्याचे जेमतेम ध्यानात येते तेव्हा, तिथे मोठ्या आकाराच्या पेशी तयार होऊन केंद्रकासकट रक्तात उतरतात.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास काम यकृताकडे येते आणि पुढचे काही महिने तिथेच राहते. महाधमनीच्या भिंतीत उपजलेल्या मूळ पेशी, ज्यांपासून रक्तपेशी बनतात, वाहत येऊन इथे स्थिरावतात. सूक्ष्मदर्शकाखाली यकृतात बेटे दिसतात: मधोमध एक भक्षक पेशी, तिला चहूबाजूंनी बिलगलेल्या कच्च्या तांबड्या पेशी. पेशी पिकत आली की आपले केंद्रक बाहेर टाकते आणि मधली पेशी ते गिळून टाकते. प्लीहेचा (पाणथरीचा) वाटा किरकोळ. शेवटच्या तीन महिन्यांत मज्जा मुख्य ठिकाण बनते.

या पेशींतले गर्भीय हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते, म्हणून आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. जन्मानंतर सहा महिन्यांत त्याची जागा बहुतांशी प्रौढ हिमोग्लोबिन घेते. किनवट-माहूरच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल, म्हणजे प्रौढ हिमोग्लोबिनमधल्या दोषाचा आनुवंशिक आजार, आढळतो. तिथले बाधित बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि मग हातापायांवर दुखरी सूज येते, ती यामुळेच. बाळ धडधाकट दिसते म्हणून तपासणी टाळू नये.

लोहाचा मोठा साठा बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेते. बीडकडची ऊसतोड बाई नेमकी त्याच दिवसांत फडात मोळ्या वाहत असली, तर ‘रक्ताची गोळी’ तिच्यापर्यंत पोचणे अवघड. लाल रंगाच्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गरोदरपणात १८० दिवस ती घ्यायची असते. प्रसूतीनंतर नाळ बांधायला एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतले उरलेले रक्तही बाळाच्या अंगात उतरते.